भाषा सांगितली नाही तर इंग्रजी

मंडळी, आज सकाळचीच गोष्ट. आमची छोटी कंपनी गोळ्यांची आठवण करून देणारं ॲप बनवते. ऑफिसात पोचले तोच कर्वेनगरहून एका निवृत्त गृहस्थांचा फोन आला.

"अहो, तुमच्या ॲपला कालपर्यंत मराठी येत होतं. आज विसरलंय का? हिला इंग्रजी वाचता येत नाही. डायबेटिसची गोळी जेवणाआधी की नंतर, ते कळेना. मी फिरून येईपर्यंत उपाशी बसली होती."

मी माफी मागितली आणि शोधायला बसले. आमच्याकडे प्रत्येक भाषेचं ॲप एकाच स्क्रिप्टमधून, म्हणजे संगणकाला लिहून दिलेल्या सूचनांमधून, तयार होतं. ती चालवताना भाषा सांगणं मात्र ऐच्छिक होतं. नाही सांगितली, तर स्क्रिप्ट गुपचूप इंग्रजी धरायची. काल नवीन व्हर्जन काढताना माझा सहकारी निखिल भाषा लिहायला विसरला, आणि स्क्रिप्टने हूं की चूं केलं नाही.

"डीफॉल्ट मराठी करून टाकू, म्हणजे भाषा नाही सांगितली तर मराठीच धरेल," निखिल म्हणाला.

"मग उद्या कन्नडवाल्यांचा फोन येईल. भाषा दिली नाही तर स्क्रिप्ट थांबली पाहिजे."

"म्हणजे दर वेळी टाइप करायचं?"

"दर वेळी."

दुपारी तो बदल करून मराठी ॲप पुन्हा पाठवलं आणि सकाळच्या त्या गृहस्थांच्या घरी फोन केला. या वेळी काकूंनी उचलला.

"आता नीट दिसतंय," त्या म्हणाल्या. "पण मला न विचारता इंग्रजी कोणी ठरवलं होतं?"

"कोणीच नाही, काकू," मी खरं तेच सांगितलं.

तुमच्या स्क्रिप्ट्स अशा वेळी थांबतात, की स्वतःच ठरवून मोकळ्या होतात?