पाच पिनांचं कुलूप

दत्ताजीराव शिर्क्यांचं दुकान बडोद्याच्या जुन्या गल्लीत, घडियाळी पोळमध्ये, दोन साडीवाल्यांच्या मध्ये दाबून बसवल्यासारखं. एक माणूस बसेल आणि दुसरा त्याच्यापुढे उभा राहील, एवढीच जागा. पणजोबा गायकवाडी फौजेत शिलेदार होते असं घरात सांगायचे. दत्ताजीराव मात्र एकोणिसाव्या वर्षी अंबालाल मिस्त्रीच्या हाताखाली कुलपं शिकायला बसले ते तिथेच राहिले. मिस्त्री गेल्यावर दुकान त्यांनी चालवलं. बडोद्यात सोसायट्या वाढल्या, दारांना पितळी सिलिंडरची कुलपं आली, आणि गोत्रीपासून मांजलपूरपर्यंत लोक त्यांना स्कूटरवरून घेऊन जायला लागले.

बोलणं फार कमी. गिऱ्हाइकानं विचारावं, "दत्ताजीभाई, आ जूनुं ताळुं चालशे?" आणि त्यांनी मान वर न करता म्हणावं, "चालशे." त्यांनी चालेल म्हटलं की कुलूप चालायचं, म्हणून अधिक बोलायची वेळच येत नसे.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत, सकाळी अकराच्या सुमारास, ते निरुपमाताई वैद्यांच्या दाराचं कुलूप उघडून बसले होते. निरुपमाताई निवृत्त शिक्षिका. त्यांची चावी आत अडकत होती. दत्ताजीरावांनी मधला गोल गाभा ओढून काढला होता. पाच खालच्या पिना, पाच वरच्या, आणि केसासारख्या बारीक पाच स्प्रिंगा, सगळं एका बरणीच्या झाकणात काढून ठेवलं होतं. शेजारच्या साडीवाल्याला वाटलं, शिर्केभाईंना झोप लागली. गाल टेबलावर टेकला होता आणि चिमटा खाली पडला होता.

उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. शब्द एकच राहिला. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी डोळे उघडून ते "चालशे" म्हणाले, तेव्हा त्यांची बायको स्नेहलता आनंदानं रडली. मग डॉक्टरांनी नाव विचारलं, तेव्हाही ते "चालशे" म्हणाले. पाणी हवं का, चालशे. दुखतंय का, चालशे. चौथ्या दिवसापासून स्नेहलताबाईंना त्या शब्दाची भीती वाटायला लागली. डॉक्टर म्हणाले, "त्यांना ऐकलेलं सगळं समजतं. फक्त आतलं बाहेर येत नाही." हे ते पलंगाशेजारी उभं राहून म्हणाले आणि दत्ताजीरावांनी तेही ऐकलं.

फतेगंजच्या घरी, दोन खोल्यांत, त्यांना आणलं. देवश्री नावाची मुलगी व्यायाम करून घ्यायला यायची. ती राजम्याचे दाणे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायला सांगायची. तीन दिवस त्यांनी डाव्या हातानं ते केलं. चौथ्या दिवशी वाटी सरकवून दिली आणि पुन्हा हात लावला नाही.

मे महिन्यात स्नेहलताबाई दुकान झाडायला गेल्या. निरुपमाताईंनी तोवर दाराला नवीन कुलूप बसवलं होतं. जुन्याचं काय ते तुम्हीच बघा, असा त्यांचा निरोप होता. ते कुलूप टेबलावर होतं तसंच होतं. साडीवाल्यानं त्यावर गुजराती वर्तमानपत्र पसरून ठेवलं होतं. खाली झाकण, झाकणात पिना. बाईंनी सगळं रुमालात बांधलं आणि घरी आणलं. वाटलं, राजम्याला नाही तर याला तरी हात लावतील.

दुपारी खिडकीशी टेबल ओढून त्यांनी रुमाल उघडला. दत्ताजीराव बराच वेळ नुसते बघत राहिले. मग खुर्चीत सरळ झाले आणि डाव्या हातात चिमटा घेतला.

"मी काय धरू?" बाईंनी विचारलं.

त्यांनी चिमट्याचं टोक चावीवर टेकवलं, मग गाभ्यावर. बाईंनी चावी गाभ्यात घातली आणि गाभा धरून ठेवला. खालच्या पाचही पिनांची लांबी वेगवेगळी असते. चावीच्या प्रत्येक दात्यावर नेमकी पिन बसली तरच ती गाभ्याच्या पृष्ठाशी समतल येते. चुकीची असेल तर वर डोकावते किंवा खाली बुडते. दत्ताजीरावांनी एकेक पिन उजेडाकडे धरली आणि भोकात सोडली. डाव्या हाताला सवय नव्हती, दोन पिना टेबलावर पडल्या, पण निवडताना एकही चुकली नाही. वीस मिनिटांनी पाचही समतल. बाईंनी बोट फिरवून पाहिलं, कुठेच काही लागलं नाही. कोणत्या भोकात केवढी पिन, ते त्यांनी कागदावर टिपून घेतलं. गोत्रीला राहणाऱ्या मुलीला फोन करून हे कसं सांगायचं, ते त्यांनी मनात ठरवूनही टाकलं.

राहिलं बाहेरचं पितळी घर. त्याच्या प्रत्येक भोकात एक स्प्रिंग, तिच्यावर वरची पिन, आणि ती दाबून लगेच गाभ्याएवढी जाड लाकडी दांडी तिच्यावर पुढे सरकवायची, नाहीतर पिन उडते. याला दोन चांगले हात लागतात. दांडी बाईंनी धरली. पिना चार वेळा उडाल्या, दोघांनी चार वेळा वेचल्या. पाचव्यांदा सगळ्या भरल्या. आता गाभा आत ढकलायचा, म्हणजे तो दांडीला दुसऱ्या बाजूनं बाहेर काढतो आणि झालं.

"चालशे," दत्ताजीराव म्हणाले.

बाईंनी गाभा लावला.

"चालशे. चालशे." ते मान हलवत होते. डावा हात हवेत मनगटातून वळवत होते.

"हो, चालेलच," बाई म्हणाल्या आणि गाभा सरळ ढकलला.

तो चावीसकट जरा वळवून, तिरका धरून ढकलायचा असतो. सरळ गेला की वरच्या पिना वाटेत दुसऱ्याच भोकात पडतात आणि सगळं अडकून बसतं. ते हेच सांगत होते. त्यांनी बाईंचं मनगट घट्ट धरलं, चेहरा लाल झाला, आणि तोच शब्द तोंडातून पुन्हा पुन्हा येत राहिला.

"अहो, चालेल म्हणताय ना, मग?" बाई म्हणाल्या, आणि मग त्यांनी त्यांचे डोळे पाहिले. दत्ताजीरावांनी मनगट सोडलं. अडकलेलं कुलूप उचलून त्यांनी भिंतीवर फेकलं. गाभा निसटला, पिना खोलीभर उडाल्या.

बाईंनी गुडघ्यांवर बसून दहाच्या दहा पिना शोधल्या. स्प्रिंगा मिळाल्या नाहीत.

शिवांगी, त्यांची मुलगी, रविवारी आली तेव्हा म्हणाली, "आई, कशाला छळतेस त्यांना? आणि स्वतःला? दुकान सोडून देऊ या."

"थोडे दिवस थांब," एवढंच बाई म्हणाल्या.

दोन दिवसांनी लोणच्याच्या बरणीचं झाकण लावताना त्यांचं मनगट वळलं आणि त्या तिथेच थांबल्या. तिरकं धरायचं. ते हवेत तेच दाखवत होते. दुकानातून स्प्रिंगांची डबी आणून त्या रोज दुपारी स्वयंपाकघराचं दार लोटून बसायला लागल्या. एका डोळ्यात मोतीबिंदू. स्प्रिंग भोकात गेली तर पिन जाईना, पिन गेली तर दांडी सरकायच्या आत उडे. असे नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी त्यांनी स्प्रिंगा घातल्याच नाहीत. नुसत्या पिना सोडल्या, गाभा तिरका धरून ढकलला. तो पहिल्याच खेपेला आत गेला. चावी फिरली.

आपण काय केलं ते त्यांना ठाऊक होतं. इतकी वर्षं त्या कुलूपवाल्याच्या घरात राहिल्या होत्या. स्प्रिंग नसेल तर वरच्या पिना दाबायला कुणीच नसतं, आणि कुलूप कशानंही उघडतं. पण त्यांना फक्त चावी फिरायला हवी होती. दत्ताजीरावांनी एकदा तरी ती फिरवावी, एवढंच.

"झालं बघा," त्यांनी कुलूप दत्ताजीरावांच्या डाव्या हातात दिलं. "खालच्या पिना तुम्हीच निवडल्यात. त्याच क्रमानं घातल्या मी, लिहून ठेवला होता."

दत्ताजीरावांनी ते गुडघ्यांत धरून चावी फिरवली. एकदा, पुन्हा उलटी, पुन्हा सुलटी. चेहऱ्याची जी बाजू हलत होती तिच्यावर हसू आलं. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच. बाई चहा टाकायला आत गेल्या.

चहा घेऊन आल्या तेव्हा दत्ताजीरावांनी चावी काढून ठेवली होती. कुलूप कानाशी धरून ते हळूच हलवत होते. आत पिना खुळखुळत होत्या. मग त्यांनी कुलूप उलटं करून मांडीत दाबलं, टेबलावरचा छोटा पेचकस घेतला आणि चावीच्या भोकात घातला. गाभा सहज फिरला.

त्यांनी बाईंकडे पाहिलं. रागानं नाही.

"स्प्रिंगा जातच नव्हत्या हो," बाई कप हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. "नऊ दिवस केलं. तुम्हाला बरं वाटेल म्हणून मी..."

त्यांनी कुलूप टेबलावर ठेवलं, पेचकस त्याच्या शेजारी नीट लावून ठेवला, आणि खिडकीबाहेर बघू लागले. बाई वाट पाहत राहिल्या. निदान तो एक शब्द तरी म्हणतील. चहावर साय धरली.

त्या दिवसानंतर त्यांनी तोही शब्द टाकला. देवश्री आणखी महिनाभर आली, मग तीच म्हणाली, "काकू, त्यांची इच्छा नसेल तर मी येऊन उपयोग नाही." दिवाळीनंतर दुकान सोडलं. चाव्या कापायचं मशीन दुसऱ्या पोळमधला एक मिस्त्री घेऊन गेला. सामान हलवायच्या दिवशी शिवांगीनं बाबांना विचारलं, "येताय का एकदा बघायला?" त्यांनी डोळे मिटून घेतले.

आता दोघं गोत्रीला शिवांगीच्या फ्लॅटमध्ये असतात. भरवलं की ते खातात. अंघोळ घातली की घालून घेतात. मागच्या महिन्यात स्नेहलताबाईंनी भाजी निवडता निवडता मुलीला स्प्रिंगांची गोष्ट पहिल्यांदा सांगितली.

"आई, तू त्यांच्या भल्यासाठीच केलंस ना," शिवांगी म्हणाली. "बाबांना ते कळलं असेल."

"ते कळलंच गं." बाईंनी मेथीची काडी बाजूला टाकली. "पण त्याआधी त्यांना आणखी एक कळलं. की हिला आता आपल्याकडून खरं काही होईल असं वाटत नाही. म्हणून लहान पोराला खुळखुळा द्यावा तसं हिनं दिलं."

"तुला तसं वाटत होतं?"

बाईंनी मेथीची पुढची जुडी ओढली. "हो," त्या म्हणाल्या. "वाटत होतं."

मग दत्ताजीरावांसाठी काढून ठेवलेली पेज निवाली का ते त्यांनी बोट लावून पाहिलं, वाटी उचलली आणि त्या आतल्या खोलीत गेल्या.