डायनॅमोची पूजा

आमची टॅक्सी दिरांनी जुनीच घेतली होती. चालवायचे ते, देखभाल माझ्याकडे. माझे मालक पिंपरीच्या कारखान्यात शिफ्टला आणि धाकट्या जावेला दिवस गेलेले, त्यामुळे रेडिएटरचं पाणी, टायरची हवा, बॅटरीची पातळी हे सगळं मी वार ठरवून बघत असे.

त्या वर्षी खंडेनवमीला मोशीच्या घरापुढं गाडी धुतली, झेंडूचा हार घातला. सासूबाई कुंकवाचा करंडा घेऊन आल्या.

"वरच्या पत्र्याला कुंकू लावून काय करतूस?" त्या दिरांना म्हणाल्या. "जे काम करतं, त्याला लाव."

दिरांनी बॉनेट उघडून डायनॅमोवरची पत्र्याची पट्टी सोडली. आत तांब्याचं गोल चक्र चकाकत होतं. त्याला हळदकुंकू लागलं, वर नारळाचं पाणीही शिंपडलं. पट्टी पुन्हा बसली.

दुसऱ्या दिवशी गाडी बिनतक्रार सुरू झाली. फक्त बॅटरी भरते की नाही ते दाखवणारा काटा हलेना. मी म्हटलं, "भावजी, काटा बघा."

"काटा मेलाय, वहिनी. गाडी चालतीया न्हवं? तुमी आता गाडीचीबी नाडी बघाय लागला!"

जाऊ पोट धरून हसली.

पुढं थोड्याच दिवसांनी दुपारी तिला कळा सुरू झाल्या आणि रक्त जायला लागलं. सुईणीनं बघितलं आणि हात पुसले. "हे माझ्यानं व्हायचं न्हाई. पुण्याला न्या, लगेच."

बाळंतपणाला लागणाऱ्या जुन्या धडप्यांचं गाठोडं मी आधीच बांधून ठेवलं होतं. जावेला मागच्या सीटवर आडवं केलं. दिरांनी सेल्फ मारला. गाडी एकदा कण्हली, मग नुसती टकटक. त्यांनी हँडल मारलं, शेजारच्या गड्यांनी ढकललं.

"अजून रेटा!"

"राव, किती रेटायचं? इंजान घेतंच न्हाई!"

शेवटी बैलगाडी जुंपली. हमरस्त्यावर ट्रक मिळेपर्यंत खालचं गोणपाट भिजलं होतं. भोसरी मागं पडली आणि माझ्या हातातला तिचा हात गार झाला. मूलही वाचलं नाही.

भेटायला बायका येत. सासूबाई प्रत्येकीला सांगत, "सकाळधरनं दुखत असणार, पण बोलली न्हाई. वेळंवर सांगितलं असतं तर..." दीर खाली मान घालून ऐकत. पुढं पुढं तेही म्हणू लागले, "व्हय, बोलायला पायजे हुतं तिनं."

तिचं दिवसकार्य झाल्यावर भोसरीच्या मिस्त्रींना घरी बोलावलं. त्यांनी पट्टी सोडली. तांब्यावर लालकाळा चिकट थर होता आणि त्यावर टेकून वीज घेणारे कार्बनचे तुकडे जागच्या जागी अडकले होते. त्यांनी बोट फिरवलं, वास घेतला आणि आवाज खाली आणला. "भाभी, गाडी होईल चालू. बाकीचं राहू द्या."

"राहू द्यायचं नाही," मी म्हटलं. सासूबाईंना आणि दिरांना अंगणात बोलावलं. "सगळ्यांपुढं सांगा."

मिस्त्रींनी सांगितलं. सेल्फ ही मोटार. बॅटरीची वीज तिच्या तारांत गेली की चुंबक त्यांना ढकलतं, ती फिरते आणि इंजिन फिरवते. डायनॅमो तिची सख्खी बहीण, तशाच तारा, तसेच कार्बन. फक्त तिला इंजिन फिरवतं आणि ती वीज देते.

"एक खाते, दुसरी भरते. कुंकवाच्या थरानं ही दुसरी बंद पडली. बॅटरी रोज थोडी थोडी रिकामी झाली, ठिणगीपुरतीसुद्धा उरली नाही. मग ढकलून काय होणार?"

"मंजी काटा..." दीर म्हणाले.

"काटा बरोबर होता, भाई."

दिरांनी मिस्त्रींच्या हातातलं पेट्रोलचं फडकं घेतलं आणि स्वतःच तांबं घासायला लागले. मिस्त्री म्हणाले, "हळू, ओरखडे पडतील." त्यांना ऐकू गेलं नाही.

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "दुखतंय म्हणून ती तुला कवा बोलली?"

"पहिली कळ आली तेव्हाच, आत्याबाई. भाकरी तव्यावर होती. मला म्हणाली, जाऊबाई, आता तुमीच तवा बघा."

संध्याकाळी वरच्या आळीतल्या दोघी बायका भेटायला आल्या, तेव्हा सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. काय झालं ते त्या दोघींना मीच सांगितलं.