कवडूभाऊंचा निंजा

कवडूभाऊ खापरखेड्याच्या वीजकेंद्रात कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर कामाला होते. मूळचे उमरेडचे, विणकरांच्या घरातले. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात त्यांची बायको देवकी काविळीनं गेली. मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून ते कामापुरतंच बोलत. मोकळे बोलत ते फक्त रविवारी दुपारी, मुकुंदच्या क्वार्टरमध्ये खेळायला बसल्यावर.

हा खेळ इंजिनीअर मुकुंदनं पुण्याच्या हॉस्टेलातून शिकून आणला होता. त्यात पट नाही, सोंगट्या नाहीत. कागद, पेन्सिल आणि फासे. मुकुंद गोष्ट रचत जायचा आणि कवडूभाऊ, स्टोअरमधले मधुकरराव आणि मी त्या गोष्टीतले निंजा व्हायचो, म्हणजे जपानी गुप्त योद्धे.

शत्रूचं सगळ्यात वाईट हत्यार होतं भ्रम. तो टाकला की नसलेलं दिसू लागायचं. सुटका एकच: ज्याच्यावर भ्रम पडला त्यानंच मोठ्यानं "हे खोटं आहे" म्हणायचं आणि फासा टाकायचा. तसं म्हटलं नाही तर वार बसणार. आणि निंजा मेला की त्याचा खेळाडू त्या गोष्टीतून कायमचा बाद.

कवडूभाऊ यात पटाईत होते. एकदा मुकुंदनं घनदाट जंगल उभं केलं, तर लगेच म्हणाले, "एवढं रान अन् एक पाखरू बोलून नाही राहिलं? खोटं हाय!"

मधुकरराव हसले. "मुकुंदा, याले फसवाले तुले दुसरा जन्म घ्या लागते गा."

मग पावसाळ्यातल्या एका रविवारी मुकुंदनं नवा भ्रम काढला. "यात मी काही दाखवणार नाही, भाऊ. तुमचं मनच दाखवते. काय दिसते, तुम्हीच सांगा."

कवडूभाऊंनी डोळे मिटले.

"उमरेडचं घर हाय. देवकी चरख्यावर सूत गुंडाळून कांड्या भरून राहिली. लाल सूत हाय. एक पाय लांब केला हाय तिनं. तो दुखे ना तिचा."

मुकुंदची पेन्सिल थांबली. "भाऊ, मागून शत्रू येऊन राहिला," तो हळूच म्हणाला.

"माहीत हाय मले."

"मग बोला ना गा!" मधुकरराव पुढे सरकले. "एवढं बोलले की सुटले."

"तिच्या तोंडावर कसं म्हणू, तू खोटी हायेस म्हणून?"

"अरे, खेळ हाय हा, कवडू!"

"म्हणून तर ती हाय."

मुकुंदनं फासे बाजूला सारले. "जाऊ द्या. हा नियम आज नाही धरत."

"नाही. नियम गेला तर तीबी जाईन." कवडूभाऊंनीच फासे उचलून त्याच्या हातात दिले. "फक्त थांब जरासा. हातातली कांडी भरू दे तिले. मग मार."

आम्ही थांबलो. कवडूभाऊ जमिनीकडे बघत होते, मधूनच बोटांनी सुताचा ताण पाहिल्यासारखं करत होते. शेवटी त्यांनी मान हलवली. मुकुंदनं फासे टाकले. वार बसला, निंजा मेला.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. मुकुंदनं नवी गोष्ट काढून त्यांच्यासाठी नवा निंजा तयार केला होता. तो कागद घेऊन आम्ही त्यांच्या क्वार्टरवर गेलो.

कवडूभाऊंनी दारातच तो वाचला आणि परत दिला. "नवा माणूस कशाले बनवता? मी तिथं पडलो हाव, बरा हाव. तिच्याजवळ."

दार लागलं. पुढे ड्युटीवर भेटायचे. पट्ट्याचं विचारलं की पट्ट्याचं सांगायचे. दुसरं काही विचारायला आमची जीभ रेटली नाही.