रिकामी गव्हाण

“पोर कुठाय? आई आहे, बाप आहे, गाढवसुद्धा आहे, आणि पोराचाच पत्ता नाही?”

भावजी ओरडत होते. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, इस्रायलमधल्या लोदच्या विमानतळाजवळच्या दुकानाचे मालक. आवाज असा की उतरलेलं विमान घाबरून परत उडावं. सत्तरचं दशक सरत आलेलं, डिसेंबरचा पहिला आठवडा. डोक्यावर किप्पा, म्हणजे आम्हा ज्यूंची छोटी गोल टोपी, घालून भावजी कापसाच्या दाढीचे सांताक्लॉज विकत होते आणि मी प्लास्टिकच्या झाडांवर साबणाचा चुरा टाकून बर्फ पाडत होतो. लोदमध्ये बर्फ मी फक्त फ्रिजमध्ये पाहिलेला; पण प्रवाशांना सांगायचो, परवाच गुडघाभर पडला.

काचेमागचा ऑलिव्हच्या लाकडाचा येशूजन्माचा देखावा मात्र विकायचा नव्हता. तो आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या ख्रिस्ती सुतारांच्या घरचा. मी त्यांना अम्मो म्हणे, म्हणजे अरबीत काका. तो बघून लोकांनी त्यांचे छोटे देखावे घ्यावेत म्हणून त्यांनी उसना दिलेला. बाळ वेगळं, कापसात गुंडाळून.

“चोवीसच्या संध्याकाळी घरी नेईन,” ते म्हणाले होते. “तोवर गव्हाण रिकामी. हा आमचा आगमनकाळ, चार आठवडे वाट बघायची. बाळ बायको ठेवायची. ती गेल्यापासून मी ठेवतो.”

गव्हाण रिकामीच ठेवीन, असा मी डोळ्यांत पाणी आणून शब्द दिला. पाणी खरं होतं, एवढं माझ्या बाजूने सांगतो.

“भावजी, ते चोवीसलाच ठेवतात.”

“चोवीसला प्रवासी घरी पोचतात, शहाण्या. गिऱ्हाईक आज दारात आहे.”

मी बाळ ठेवलं. नुसतं ठेवलं असतं तर आज मला हे लिहावं लागलं नसतं. पण गिऱ्हाईक हात लावतं, हरवेल, म्हणून खाली सढळ हाताने सरस लावला. वर गोष्टही चिकटवली, की सुतार शंभर वर्षांचे आहेत, बाळ कोरताना चाळीस दिवस पाणी पीत नाहीत. माल धडाधड खपला. रोज मी त्यांचं वय पाच वर्षांनी वाढवत गेलो. घरी त्याच आठवड्यात हनुक्का होता, आमचा दिव्यांचा सण; रोज संध्याकाळी एकच दिवा जास्तीचा लावायचा. आठ दिवस मी तो लावला, आणि दुकानात येऊन पुन्हा सुतारांची पाच वर्षं वाढवली.

चोवीसला दुपारी मी पातळ सुरी घातली, तेल सोडलं. बाळ हललं नाही.

अम्मो दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून आले. गव्हाणीकडे बघितलं. अंगठ्याने बाळाला हळूच ढकललं. मग दुसऱ्या बाजूने.

“अम्मो, चूक झाली,” मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा मला पुढे गोष्ट सुचेना. “कोमट पाण्यात ठेवू. निघेल.”

ते देखावा जुन्या चादरीत बांधू लागले.

“नको,” म्हणाले. “लाकूड फुगतं.”