गुण्याखालचा उजेड

सरकारी तंत्रशाळेत मास्तरांनी एकतीस वर्षं फिटरचं काम शिकवलं. त्यातली निम्मी खिडकीकडे बघण्यात गेली, असं त्यांची बायको म्हणे, आणि ते काही खोटं नव्हतं. नव्या माणसाला ते लोखंडाचा ठोकळा आणि कानस देत. घासून सपाट झाला की त्यावर काटकोन तपासायच्या गुण्याची पाती टेकवून खिडकीसमोर धरत. पातीखालून उजेड दिसला की ठोकळा परत. त्या केसाएवढ्या उजेडात मास्तर असे हरवत, की हाक मारली तरी ओ देत नसत. कुणाला तीन आठवडे लागत, कुणाला तीन महिने.

घाई वरच्यांना होती. एक कंपनी म्हणे चाळीस दिवसांत फिटर घडवणार होती. मग ठरलं, शाळेनं आणि कंपनीनं चाळीस दिवस स्पर्धा करायची. जो जास्त दाखले देईल, शाळेचं वर्कशॉप त्याचं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! प्राचार्यांनी मास्तरांना विनवलं, की डोळे मिटून सह्या करा, शाळा वाचेल. मास्तरांनाही ती वाचायला हवीच होती. फी परवडत नाही अशांना गावात हे एकच दार होतं.

चाळिसाव्या दिवशी त्यांनी पेन काढलं आणि सवयीनं पहिला ठोकळा खिडकीसमोर धरला. उजेड. दुसऱ्यातही उजेड. चौतीसपैकी तिघेच पास झाले. मास्तरांनी तीनच सह्या केल्या, आणि वर्कशॉप कंपनीकडे गेलं.

"तुमचं नुकसान केलं मी," ते वर्गाला म्हणाले.

शिवणकारखाना बंद पडल्यावर इथे आलेली एक बाई म्हणाली, "खोटा दाखला घेऊन मशीनमध्ये हात घालवण्यापेक्षा हे बरं. कानस द्या."

किल्ल्या द्यायला आठ दिवस होते. सगळे घासत राहिले. दुपारच्या उन्हात लोखंडाची पूड तरंगायची आणि मास्तरांना वाटायचं, हे असंच चालणार आहे, कायमचं.

आठव्या दिवशी किल्ल्या घ्यायला कंपनीचा माणूस दारात उभा राहिला. बाईनं ठोकळा पुढे केला. मास्तरांनी पाती टेकवून पाहिलं. उजेड नव्हता.

"जमलं, पोरी."

ती हसली. मग म्हणाली, "पुढच्या वर्षी धाकट्या बहिणीला तुमच्याकडे घालणार होते. आता तिला कुठे पाठवू, मास्तर?"

मास्तरांनी ठोकळा पुन्हा खिडकीसमोर धरला, आणि जिथे उजेड नव्हता तिथे बराच वेळ बघत राहिले.