ओला आसा ता

या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय आणि खरं सांगायचं तर निम्मे वाचून हसलोय. मी मूळचा नाशिकचा, इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर, कतारमध्ये गॅस प्लांटवर नोकरी. एका गेजवर विश्वास नसेल तर शेजारी दुसरं लावून बघायचं, एवढंच मला कळतं. घरात देव्हारा आहे, पण तो बायकोने मांडलेला. त्यामुळे हे लिहायला बसायचं म्हणजे मलाच अवघडल्यासारखं होतंय... तरी लिहितो.

आम्ही दोहाला अबू हमूरमध्ये राहतो. एका मोठ्या व्हिलाचे भाग पाडून भाड्याने दिलेत, त्यातला मागचा भाग आमचा. किचनमधून जाळीचं दार उघडलं की छोटंसं फरसबंद अंगण, तीन बाजूंनी भिंत, कोपऱ्यात एसीचं युनिट. भिंतीपलीकडे फिलोमिना आंटी राहतात. त्या वसईच्या, इथे हॉस्पिटलमध्ये नर्स आहेत.

त्या अंगणात मी शिसं वितळवतो. मासेमारीच्या दोरीला लावायची वजनं ओततो. दुकानात तयार मिळतात, पण हा छंद माझा नव्हताच, शुभाचा होता. शुभा म्हणजे माझी बायको. देवगडजवळच्या खाडीकाठी वाढलेली. तिचे वडील जाळ्याची वजनं घरीच ओतायचे आणि ही लहानपणापासून बघत बसायची. लग्न होऊन इथे आली, मला वकराच्या किनाऱ्यावर गळ टाकायला शिकवलं आणि मग टायरवाल्याकडून चाकांच्या बॅलन्सिंगची जुनी शिशाची वजनं मागून आणायला लागली. लोखंडी भांडं, कॅम्पिंगचा बर्नर, ॲल्युमिनियमचा साचा. शिसं वितळलं की त्यात मेणबत्तीचा तुकडा टाकायचा, म्हणजे मळ वर येतो, तो पळीने काढायचा. तिने एकच गोष्ट माझ्या डोक्यात घट्ट बसवली होती – पाणी नको. वितळलेल्या शिशात थेंबभर पाणी गेलं तरी त्याची एका क्षणात वाफ होते आणि सगळं भांडं तोंडावर उडतं.

चारचौघांत ती मला ‘अहो’ म्हणायची. घरात, आम्ही दोघंच असलो की ‘गोदेकारानु’. गोदाकाठचा म्हणून मी गोदेकार. नाशिककराला मालवणी आडनाव चिकटवून ती स्वतःच हसत सुटायची. हे नाव आमच्या घराबाहेर कुणालाच माहीत नव्हतं. माझ्या आईलाही नाही.

ईरा, आमची मुलगी, नुकती सोफा धरून उभी राहायला लागली होती तेव्हा शुभा गेली. मेंदूत रक्तस्राव. सकाळी डोकं दुखतंय म्हणाली, आणि संध्याकाळी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये फिलोमिना आंटींनी माझा हात धरला. त्याबद्दल यापेक्षा जास्त मला लिहिता येणार नाही.

ईरा आता दुसरीत आहे. शाळा अल दुहैलला, इंग्लिश मीडियम. मी मराठीत बोलतो ते तिला सगळं कळतं, पण उत्तर इंग्लिशमध्येच येतं. मालवणी तर तिच्या कानावर पडायचा प्रश्नच नाही. शुभाचे आईवडील तिच्याआधीच गेले आणि मामा फोनवर तिच्याशी हिंदी-इंग्लिशमध्ये बोलतो.

झालं ते गेल्या हिवाळ्यात, एका शुक्रवारी दुपारनंतर. छान ऊन होतं. ईरा किचनमध्ये जाळीच्या दाराआड जमिनीवर बसून चित्र रंगवत होती. शिशाचं काम चालू असताना दाराच्या अलीकडे यायचं नाही, हा आमच्याकडे कडक नियम. भांड्यातलं शिसं चांगलं पातळ झालं होतं. किनाऱ्यावरच्या खडकांत अडकलेलं एक मोठं जुनं वजन मला मिळालं होतं. ते कितीतरी दिवस उन्हात वाळत टाकलं होतं. हाताला ठणठणीत कोरडं. चष्म्यावर घामाची वाफ धरली म्हणून मी चष्मा काढून बाजूला ठेवला, चिमट्यात ते वजन धरलं आणि भांड्यावर वाकलो...

"गोदेकारानु, फाटी सरा! ओला आसा ता!"

मागे सरा, ओलं आहे ते. शुभाचा आवाज होता. ‘तिच्यासारखा’ असं मी म्हणत नाहीये. तिचाच. घाई असली की शेवटचा शब्द ती किंचित वर ओढायची, तसाच. मी दचकून मागे सरलो ते थेट स्टुलावरून खाली पडलो. चिमट्यातलं वजन सुटून भांड्यात गेलं, आणि बंदूक उडावी तसा आवाज झाला. शिसं भिंतीवर, एसीच्या युनिटवर आणि मी बसलो होतो त्या स्टुलावर उडालं. माझा चेहरा जिथे होता, बरोबर तिथून वर.

मी पडल्या पडल्या जाळीकडे पाहिलं. दारात ईरा उभी होती. तिचं तोंड अजून उघडं होतं.

स्फोट ऐकून फिलोमिना आंटी धावत आल्या. मला कुठे भाजलंय का ते त्यांनी हात, मान, केस सगळं तपासून पाहिलं. मला एक ओरखडासुद्धा नव्हता. मग त्या ईराला कडेवर घेऊन सहज बोलून गेल्या, "बरं झालं शुभा ओरडली ते."

बोलल्या, आणि आपण काय बोललो ते त्यांनाच कळलं. चेहरा पांढरा पडला त्यांचा. त्यांनी क्रूसाची खूण केली आणि खुर्ची ओढून बसल्या. नंतर मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या की भिंतीपलीकडून बाईमाणसाची हाक ऐकली, शब्द नीट कळले नाहीत, पण कोण ओरडतंय याचा विचारच करावा लागला नाही.

मी ईराला विचारलं, तू काय म्हणालीस? तिच्या मते ती फक्त ‘पप्पा, मूव्ह बॅक’ म्हणाली होती. का म्हणालीस, ते तिला सांगता येईना. भीती वाटली, एवढंच.

मी माझ्या परीने तपास केला. ते वजन आतून पोकळ असणार, आत खारं पाणी कोंडलेलं असणार, इथपर्यंत मला समजतं. पण ते बाहेरून कुणालाही दिसणं शक्य नव्हतं. शुभाचे मोबाईलमधले सगळे व्हिडिओ पाहिले. म्हटलं, त्यातून पोरीने कधी उचललं असेल. एकातही ते नाव नाही. कॅमेरा समोर आला की ती मला ‘अहो’च म्हणायची.

पुढच्या शुक्रवारी ईराला आंटींकडे ठेवून मी एकटाच अंगणात गेलो. बर्नर पेटवला. शिसं वितळवलं. मेण टाकलं, धूर निघाला. मी भांड्यावर नको तेवढा वाकून उभा राहिलो... कशासाठी ते तुम्हाला कळलं असेल. काहीच झालं नाही. मी बर्नर बंद केला. शिशावर हळूहळू साय धरली, ते घट्ट झालं, आणि मी तिथेच फरशीवर बसून इतका रडलो की ती गेली तेव्हाही तसा रडलो नव्हतो. तेव्हा कडेवर पोर होती ना.

त्यानंतर मी ईराकडून ते वाक्य म्हणवून घेऊ लागलो. एकदा म्हण ना बाळा, फाटी सरा... ती बिचारी म्हणायची. ‘फाटी’तला ‘फ’ तिला जमायचा नाही. मी परत सांगायचो, ती परत म्हणायची, माझ्या तोंडाकडे बघत. बरोबर आलं का, ते शोधत. असे बरेच दिवस गेले.

एकदा शाळेतून येताना आम्ही गाडीत होतो. सिग्नलला थांबलो होतो. ती मागच्या सीटवरून म्हणाली, "पप्पा, वॉज दॅट मम्मा?"

आंटी आणि मी बोलत असताना तिने ऐकलं असणार. खोटं बोलायचं नाही असं मी ठरवलं. म्हटलं, "मला माहीत नाही, पण मला तसं वाटलं."

"शी सेड इट टू यू?"

"हो."

ती सीटवर पुढे सरकली. मग म्हणाली, "अँड टू मी? व्हॉट डिड शी से टू मी?"

सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न दिला. मी गाडी पुढे घेतली, बाजूला लावली, मागे जाऊन तिच्याशेजारी बसलो. आवाज तिच्याच तोंडून आला होता, आणि तिला त्यातलं काहीही मिळालं नव्हतं. मला तिच्या आईचं नाव घेऊन काहीतरी गोड सांगता आलं असतं. जमलं नाही. मी एवढंच म्हणालो की मला खरंच माहीत नाही.

"ओके," ती म्हणाली, आणि तिने माझ्या दंडावर डोकं टेकवलं.

ते वाक्य मी तिला परत म्हणायला लावलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाकडे याचं काही उत्तर असेल तर जरूर लिहा. तो आवाज कुठून आला, हे आता मी फारसं विचारत नाही. पण माझ्या मुलीला काय सांगू, ते मला अजून कळलेलं नाही.