पहिल्या नारळाचा मान
गरम डांबराचा वास आला की आजही माझी उजवी मूठ आपोआप आवळते. दुष्काळात खडी फोडून आम्ही नगरचा जुना हमरस्ता नीट केला, पाऊसपाणी झाल्यावर भर पेठेत त्या रस्त्याचा उत्सव मांडला. सगळ्यांना फुकट बुंदी, रोलरला झेंडूच्या माळा. पहिल्या नारळाचा मान पाटलांचा, पण माझ्या भावानं त्याआधीच रोलरवर नारळ आपटला. "खडी आमी फोडली, नारळ बी आमीच फोडनार!" पाटलांची माणसं काठ्या घेऊन त्याच्यावर तुटून पडली, बुंदीच्या परातीत रक्त उडालं. काठी उगारलेल्या एकावर मी धोंडा भिरकावला, तो भावाच्याच डोळ्यावर बसला. डोळा गेला. "पाटलाच्या मानसानं फोडला," असं तो मरेपर्यंत सांगायचा, आणि मी दर वेळी म्हणायचे, "व्हय, दादा."